रात्रपाळीत मोठा अपघात आला तर: नाशिकमधील मध्यम रुग्णालयांची तयारी

रुग्णालयाची आपत्ती योजना लिहायला बसल्यावर आधी रात्री अडीच वाजता ड्यूटीवर असणारी माणसे कागदावर मांडावीत: एक निवासी डॉक्टर, तीन-चार सिस्टर, दोन मामा (वॉर्डबॉय), एक मावशी (आया) आणि दारावरचा सुरक्षारक्षक. योजना याच माणसांना राबवता आली पाहिजे, कारण अधीक्षक आणि सर्जन घरून येईपर्यंतचा सगळा वेळ त्यांच्याच हाती असतो. 8 ऑक्टोबर 2022 रोजी औरंगाबाद रस्त्यावर बसने पेट घेऊन 12 जणांचा जीव गेला, ती वेळ पहाटेची होती. म्हणून आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार ड्यूटीवरील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरला, मग तो निवासी डॉक्टर का असेना, लेखी द्यावा. एका वेळी किती गंभीर जखमी आले म्हणजे आपले हात अपुरे पडतात, तो आकडाही आधीच ठरवून कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या उपचार विभागाच्या, भिंतीवर लावावा.

मोठ्या अपघातात 108 ची रुग्णवाहिका पोहोचण्याआधीच रिक्षा, टेम्पो आणि मिळेल त्या गाडीतून किरकोळ जखमी येऊ लागतात, तेही बहुधा सर्वांत जवळच्या रुग्णालयात. त्यांना आत घेतले की खाटा भरतात आणि खरा गंभीर रुग्ण पोर्चमध्ये ताटकळतो. यासाठी रुग्णांची वर्गवारी, म्हणजे ट्रायज, दाराबाहेरच करावी आणि ती करणाऱ्याने दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नये.

वर्गवारीची पद्धत सोपी आहे. लाल फीत म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळी म्हणजे थोडे थांबू शकणारा, हिरवी म्हणजे किरकोळ जखमी आणि काळी म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. ज्यांना चालता येते त्यांना हाक मारून एका बाजूला न्यावे आणि हिरवी फीत बांधावी. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास थांबला आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा करावा. श्वास सुरू झाला तर लाल फीत, नाही झाला तर काळी. मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणे किंवा साधी सूचना पाळता न येणे, यांपैकी एक जरी आढळले तरी लाल, बाकीचे पिवळे. या टप्प्यावर श्वासमार्ग मोकळा करणे आणि वाहते रक्त दाबून थांबवणे, एवढेच उपचार करायचे असतात. लहान मुलाचा श्वास बंद असून नाडी लागत असेल, तर काळी फीत बांधण्याआधी 5 कृत्रिम श्वास द्यावेत.

मात्र फीत एकदा बांधून काम संपत नाही, आणि नेमके हेच सर्वांत जास्त विसरले जाते. आगीतून चालत आलेला माणूस हिरव्या गटात बसतो. पण त्याचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, तर थोड्याच वेळात श्वासनलिका सुजून त्याचा श्वास कोंडू शकतो. त्याला ताबडतोब लाल गटात हलवावे. धुरात सापडलेल्यांच्या बाबतीत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो आकडा चांगला दाखवतो. चेंगराचेंगरीत तर अंगावर जखमही दिसत नाही. छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने माणसे दगावतात. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. काळी फीत असलेल्यांजवळही एक माणूस ठेवावा. त्यांच्यापैकी कोणी अजून जिवंत असेल तर त्याला एकटे सोडू नये, आणि हात मोकळे होताच त्याला पुन्हा तपासावे.

ऑक्सिजनची तयारी स्वतंत्रपणे तपासावी. 21 एप्रिल 2021 रोजी आपल्याच शहरात टाकीतून गळती होऊन दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. भरलेले जंबो सिलिंडर कुठे आहेत, ते जोडायची पान्याची किल्ली कुठे टांगली आहे आणि व्हॉल्व्ह कोणाला बंद करता येतो, हे रात्रपाळीतील प्रत्येकाला माहीत असावे. गोदाकाठच्या रुग्णालयांनी जनरेटर आणि औषधसाठा तळघरात ठेवू नये. गंगापूर धरणाच्या विसर्गानंतर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीभोवती पाणी चढू लागले की हलवाहलवीला फारसा वेळ मिळत नाही.

नातेवाइकांसाठी कॅज्युअल्टीपासून दूर एक जागा आणि एकच बोलणारी व्यक्ती नेमावी. अनोळखी रुग्णाला नाव सापडेपर्यंत क्रमांक द्यावा, चेहऱ्याचा फोटो काढावा आणि कपडे-दागिने त्याच क्रमांकाच्या पिशवीत बांधून ठेवावेत. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद आणि पुढे ओळख पटवणे, दोन्ही यावर अवलंबून असते.

रंगीत तालीम वर्षातून दोनदा घ्यावी, त्यातली एक रात्री. मी पाहिलेल्या एका तालमीत वर्गवारीच्या फिती कुलूपबंद कपाटात होत्या आणि किल्ली स्टोअरकीपरबरोबर घरी गेली होती. तेव्हापासून फिती, मार्कर, हातमोजे आणि टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) यांची पेटी कुलपाशिवाय, दाराशेजारच्या भिंतीवर ठेवावी, असे मी प्रत्येक रुग्णालयाला सांगतो.