कानाचे मशीन लावूनही 'साठ'चे 'आठ' का ऐकू येते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात हयात घालवलेल्या आमच्या वडिलांना आवाज ऐकू येई, शब्द मात्र निसटत. कोणी 'साठ पोती' म्हटले की ते 'आठ' धरून चालत आणि हल्लीची माणसे पुटपुटतात, अशी वर तक्रार करीत. दोष पुटपुटण्याचा नव्हता. 'आ' या स्वराचा जोर मुख्यतः दीड हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) खाली असतो, तर 'स'ची सळसळ साधारण 4000 हर्ट्झच्या पुढे असते. आणि वयोमानाने कान आधी ही वरची पट्टीच गमावतो.

त्यामुळे श्रवणचाचणी न करता मशीन घेणे आणि ऐकू आले नाही की नुसता आवाज वाढवत राहणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सगळ्याच पट्ट्या सारख्या वाढवल्या, तर ट्रकची घरघर आधी वाढते आणि 'स' तिच्याखाली दबलेलाच राहतो. चांगले डिजिटल यंत्र आवाजाचे वारंवारतेनुसार भाग पाडून प्रत्येक भाग हवा तितकाच उचलते, शिवाय हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवते. पण त्यासाठी 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, हातात असावा लागतो.

मशीन शिट्टी मारू लागले की वडील आवाज कमी करीत, म्हणजे हाती आलेला 'स' पुन्हा घालवीत. मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) सैल असला किंवा कानात मळ साचला, तर बाहेर निसटलेला आवाज माइकमध्ये परत शिरून ही शिट्टी होते. मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा (पिन, काडी मुळीच नको) आणि मोल्ड नव्याने बसवावा. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमत असल्यास मोल्डचे छिद्र मोठे करता येते का, हे ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) विचारावे.

मशीनच्या झिंक-एअर सेलचा (छोट्या बॅटरीचा) स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल बसवावा, कारण तो हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. घाम आणि दमट हवा यंत्राला बाधते, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

मशीन जुळवून आणल्यावर घरच्या कोणीतरी पाठीमागे दोन मीटरवर उभे राहून 'साठ', 'आठ', 'सात' हे शब्द नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून म्हणावेत. समोर उभे राहू नये. माणूस नकळत ओठ वाचतो आणि मशीन उगाच पास होते.