शाळेतील निधी संकलन स्पर्धा : या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्याने २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मुलांची दप्तरे, वह्या, गणवेश पाण्यात गेलेले पाहिले आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांनी चांगल्या कामासाठी निधी गोळा करावा, ही गोष्ट इथल्या शाळांना पटवून द्यावी लागत नाही. अडचणी सुरू होतात त्या या संकलनाची स्पर्धा करताना, आणि त्यांतील बहुतेक नियमांतूनच उद्भवतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रुपयांवरून क्रमांक काढणे. ‘सर्वाधिक रक्कम आणणाऱ्यास पहिले बक्षीस’ असे जाहीर झाले की स्पर्धा पालकांच्या ऐपतीची होते. मार्केट यार्डातील एखाद्या गूळ व्यापाऱ्याने मुलीच्या हाती एकच धनादेश दिला, तर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत राबणाऱ्या कामगाराच्या मुलाने महिनाभर ओळखीच्या घरी जाऊन जमवलेल्या शे-दोनशे रुपयांना त्या यादीत स्थान उरत नाही, आणि पुढच्या वर्षी तो मुलगा नावच देत नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तिथल्या शाळेच्या फळ्यावर आईवडिलांच्या मिळकतीची अशी उतरंड लागणे शोभत नाही. त्यापेक्षा स्पर्धा तुकड्यांमध्ये ठेवावी आणि गुण देणगीदारांच्या संख्येवर द्यावेत. रक्कम कितीही मोठी असली तरी ती पूर्ण स्वीकारावी, मात्र गुण एकाच देणगीदाराचे धरावेत. रद्दी संकलनात हा प्रश्न सुटतो असे अनेकांना वाटते, पण तिथेही छापखानावाल्याचा टेम्पो आला की तराजू एका बाजूला झुकतोच.

दुसरी चूक उद्देश मोघम ठेवण्याची. ‘पूरग्रस्तांसाठी’ एवढेच सांगून चालत नाही. शिरोळ तालुक्यातील कोणत्या शाळेतील मुलांना काय हवे आहे, हे तिथल्या मुख्याध्यापकांना आधी विचारून मग तेच आवाहनात लिहावे. गरजेपेक्षा जास्त रक्कम जमल्यास तिचे काय होईल, हेही त्याच वेळी सांगितले तर नंतरचे वाद टळतात.

पैशांच्या हाताळणीतील चुका लहान दिसतात, पण शाळेचे नाव त्यांनीच जाते. एखाद्या शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवरील क्यूआर कोड वापरणे, हेतू कितीही स्वच्छ असला तरी, कटाक्षाने टाळावे. कोड संस्थेच्या खात्याचाच असावा आणि पावतीही संस्थेच्याच नावाची असावी. पावतीपुस्तके अनुक्रमांकानुसार सही घेऊन द्यावीत व स्थळप्रतींसह परत घ्यावीत. पुस्तक हरवल्यास ते क्रमांक रद्द झाल्याची सूचना त्याच दिवशी लावावी. डबे दोन शिक्षक आणि वर्गप्रतिनिधी यांच्यासमोरच उघडावेत. पावत्या आणि रोकड यांचा मेळ बसत नसेल, तर कोणीतरी खिशातून भर घालून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो. तसे न करता तफावत नोंदवून तिघांच्या सह्या घ्याव्यात, कारण भर घातलेल्या हिशेबात मूळ चूक कधीच सापडत नाही. करसवलत हवी असलेल्या देणगीदारांना हेही आधीच सांगावे, की दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर ती मिळत नाही आणि त्याखालील रकमेवरही संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच मिळते.

वेळ आणि जागाही चुकतात. गणेशोत्सवाच्या तोंडावर महाद्वार रोडवरील दुकानदार तालमी-मंडळांच्या वर्गण्यांनी आधीच बेजार असतो. त्याच्यापुढे त्या दिवसांत मुलांना उभे करणे म्हणजे त्यांना नकार ऐकायला पाठवणेच होय. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीच्या सुमारासही दुसरे संकलन काढू नये. मुलांना डबे घेऊन सिग्नलवर किंवा एकट्याने अनोळखी घरी मुळीच पाठवू नये. मोठ्या माणसाच्या सोबतीने, दिवसाउजेडी आणि ओळखीच्या गल्लीतच पाठवावे.

बक्षिसे आणि फलकांचा खर्च जमलेल्या निधीतून करू नये. तो संस्थेने किंवा पालक-शिक्षक संघाने उचलावा. भरणा करतानाही थोडी पूर्वतयारी लागते. नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत भरून नेली की बँकेत मोजणी लवकर होते, आणि फाटक्या नोटा वेगळ्या काढून बदलून घेता येतात. भरण्याची पावती जमाखर्चासह सूचनाफलकावर लावल्यानंतरच बक्षीस समारंभाची तारीख ठरवावी.