डुप्लिकेट की आणि कोलिजन: दोन्ही एक नव्हेत

हॅश टेबल, म्हणजे की देऊन तिची व्हॅल्यू साठवायची आणि शोधायची रचना, शिकताना मला सगळ्यात जास्त छळलं ते कोलिजनने. कोलिजन आणि डुप्लिकेट की बहुतेक ठिकाणी एका दमात शिकवतात, आणि मग डोक्यात दोन्हींची खिचडी होते.

जावात एक स्ट्रिंग घ्या: कॅपिटल ए, मग स्मॉल ए. दुसरी घ्या: दोन्ही कॅपिटल बी. हॅशकोड म्हणजे कीवरून काढलेला आकडा; ६५, ९७ आणि ६६ हे कॅपिटल ए, स्मॉल ए आणि कॅपिटल बी यांचे कोड, ३१ हा जावाचा ठरलेला गुणक. पहिलीचा हॅशकोड ६५ गुणिले ३१ अधिक ९७, दुसरीचा ६६ गुणिले ३१ अधिक ६६. दोन्ही २११२! कागदावर करून बघाच. आता या दोन की एकाच हॅशमॅपमध्ये, म्हणजे जावाच्या हॅश टेबलमध्ये, टाका. दोन्ही राहतात, कारण हॅशवरून फक्त बकेट, म्हणजे ठेवायचा खण, ठरते. आत गेल्यावर ‘ही तीच की का?’ हे इक्वल्स ही तुलनेची मेथड सांगते. नाही म्हटलं तर ते कोलिजन, दोघी शेजारी राहतात. हो म्हटलं तरच डुप्लिकेट, आणि तेव्हाच जुन्या व्हॅल्यूवर नवी बसते. हे पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका.

स्वतःचा क्लास की म्हणून वापरताना इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड राहिला, तर सारख्याच दोन की मॅपमध्ये बसतात आणि शोधायला गेलं की बहुधा नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो. एरर येतच नाही, म्हणून हा प्रकार धोकादायक.

पायथॉनमध्ये १, १.० आणि ट्रू ही एकच की. व्हॅल्यू शेवटची टिकते, की मात्र पहिलीच राहते. डुप्लिकेट की आली की सी शार्पचं ॲड एक्सेप्शन (एरर) टाकतं, चौकटी कंसाने लिहिलं तर मुकाट्याने बदलतं. सी प्लस प्लसचं इन्सर्ट जुनंच ठेवतं. हे सगळं पाठ करायची गरज नाही, दोन ओळी चालवून बघितल्या की कळतं. ‘चालवून बघ’ म्हणणारा सीनियर भेटला तर त्याला सोडू नका. इंटरव्ह्यूची तयार उत्तरं देणारे पुष्कळ भेटतात, पण प्रश्न जरा फिरवला की ती उत्तरं कोसळतात.

एका कीला अनेक व्हॅल्यू हव्या असतील तर व्हॅल्यूच्या जागी लिस्ट ठेवा, पायथॉनमध्ये त्यासाठी नव्या कीला आपोआप रिकामी लिस्ट देऊ शकणारं डिफॉल्टडिक्ट आहेच. आणि जावात स्ट्रीमवर, म्हणजे डेटाच्या ओघावर, टूमॅप चालवून मॅप बनवताना डुप्लिकेट कीचं एक्सेप्शन आलं, तर लगेच मर्ज फंक्शन (दोन व्हॅल्यूंची एक करणारं) देऊन ते गप्प करू नका. एकाच कीवर दोन रेकॉर्ड कुठून आले, ते आधी डेटात शोधा.