शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस नेमका किती? घरच्या घरी असं काढा

२०१९ ला कोल्हापुरात आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आलं तेव्हा गल्लीतली सगळी म्हणाली, हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस, आता शंभर वर्षं काळजी नाही, आणि २०२१ च्या जुलैत परत तीच पायरी बुडाली. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस यायची दरवर्षी १ टक्का शक्यता, बस्स, एकदा येऊन गेला म्हणून पाऊस रजेवर जात नाही. ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, घर बांधताय तर ही कमी नाही.

आधी एकाच पर्जन्यमापकाचे निदान ३० वर्षांचे रोजचे आकडे मिळवा. घाटातलं गगनबावडा आणि कोल्हापूर शहर एकत्र करू नका, दोन्हीकडचा पाऊसच वेगळा. मग प्रत्येक वर्षातला सगळ्यात जास्त पावसाचा एकच दिवस एक्सेलमध्ये उतरवायचा. आपल्याकडं पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, त्यामुळं रात्रभर धो धो पडून सकाळीही चालू राहिला की एकच झड दोन दिवसांत वाटली जाते, म्हणून सलग २४ तासांचा अंदाज हवा असेल तर आकडा साधारण १.१३ नं गुणतात.

आता सरासरी काढा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढा आणि गुम्बेलची रीत, म्हणजे टोकाच्या आकड्यांचा अंदाज बांधायचं सूत्र, लावा: सरासरी अधिक के गुणिले प्रमाण विचलन. के म्हणजे किती वर्षांतून एकदाचा पाऊस हवा त्यावर ठरणारा गुणक. के १० वर्षांसाठी १.३०५, ५० साठी २.५९२, १०० साठी ३.१३७. समजा सरासरी ११० मिमी आणि विचलन ४० आलं, तर १० वर्षांतून एकदाचा एका दिवसाचा पाऊस १६२ मिमी आणि १०० वर्षांतून एकदाचा २३५ च्या वर.

यावर लगेच विश्वास ठेवू नका हं. सगळ्यात मोठं वर्ष काढून परत गणित करा, आकडा किती घसरतो ते बघा, मग कळतं ३०-४० वर्षांच्या वहीवरून शंभरचं सांगणं किती नाजूक आहे. जुनी निम्मी वर्षं आणि नवी निम्मी वर्षं वेगळी करूनही बघाच, कारण ही रीत पावसाचा स्वभाव बदलत नाही असं धरून चालते.

आणि महापुरासाठी एका दिवसाचा आकडा पुरत नाही. कोल्हापूरची पंचगंगा भरते ती कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या पाण्यानं, शहरात उघडीप असली तरी घाटात तीन-चार दिवस लागून राहिला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं चढतं. तेव्हा गगनबावडा, राधानगरीचे सलग तीन दिवसांच्या बेरजेचे वार्षिक उच्चांक घ्या आणि हेच गणित पहिल्यापासून करा.