मंदीत हातची माणसं टिकवायची असतील तर रोख बोनस असा द्या

मंदी आली की मालक पहिला विचार करतो पगार कुठं कापता येईल, आणि त्या गडबडीत जो माणूस जायला नको तोच आधी जातो, कारण चांगल्या कारागिराला मंदीतपण कुणीतरी बोलावतंच. 2019 ला गाड्यांचा खप पडला तेव्हा कोल्हापूरकडच्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप्सना शेड्यूल, म्हणजे कस्टमरच्या महिन्याच्या ऑर्डरी, कमी यायला लागली, शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, कागल काय, सगळीकडं शिफ्टा कमी झाल्या. असल्या दिवसांत चाळीस-पन्नास माणसांच्या युनिटनं रिटेन्शन बोनस, म्हणजे ठरल्या तारखेपर्यंत थांबल्याबद्दलचे पैसे, कसा द्यायचा ते सांगतो, मोठ्या कंपन्यांकडं त्यासाठी एचआर असतो, इथं मालक आणि अकाउंटंट हेच एचआर.

त्याआधी एक गोष्ट, पगार वेळेवर होत नसेल तर बोनसचा विषयच काढू नका. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकवायचा आणि वर्षानं बोनस देतो म्हणायचं, यावर कोण विश्वास ठेवणार? आधी थकबाकी द्या, मग बाकीचं बोला.

आता माणसं कोण निवडायची. हुद्दा बघून यादी केली तर हमखास चुकते. हा माणूस मागच्या वेळी आठवडाभर रजेवर गेला तेव्हा काय अडलं, एवढंच विचारा. मॅनेजर रजेवर असताना काही अडलं नसेल, पण भट्टीवर धातू वितळवणारा मेल्टर नसला की रिजेक्शन (खराब निघालेला माल) वाढतं, मशीन लावून देणारा सेटर नसला की नवीन जॉबचं सेटिंग दोन दिवस लांबतं, कस्टमरच्या ऑडिटला उत्तरं देणारा क्वालिटीचा एकच पोरगा असतो. चाळीस जणांत अशी चार-पाच नावं निघतील, दहाच्या वर गेली तर यादी परत करा, कारण पैसे तेवढेच आहेत आणि सगळ्यांना थोडं थोडं वाटलं तर कुणीच त्यासाठी थांबत नाही. आणि नावं निवडताना बाकीच्यांना ती पटतील का हेपण बघा. अमेरिकेत मार्च 2009 मध्ये एआयजी या विमा कंपनीनं सरकारी मदतीवर तग धरून असताना साडेसोळा कोटी डॉलरचे रिटेन्शन बोनस दिले, तेपण ज्या विभागानं कंपनी बुडवायला आणली त्याच विभागाला, देशभर लोक खवळले होते. तुमच्या शॉप फ्लोअरवर वर्तमानपत्र लागत नाही, चहाच्या सुट्टीत सगळं कळतं.

रक्कम किती? मी वर्षाच्या पगाराच्या 10 ते 20 टक्क्यांत बसवा म्हणतो. समजा सेटरला महिना 35,000 आहे, वर्षाचे झाले 4,20,000, त्याचे 15 टक्के म्हणजे 63,000. हे जास्त वाटत असेल तर दुसरा रस्ता बघा, पगारच 5,000 नी वाढवला तर वर्षाला 60,000 जातात आणि ते दरवर्षी जाणार, मंदी संपली तरी. शिवाय ती वाढ बेसिकमध्ये (मूळ पगारात) धरली आणि माणसाची बारा वर्षं सर्व्हिस झाली असेल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सर्व्हिसच्या वर्षांवर द्यायची रक्कम, मागच्या सगळ्या वर्षांवर वाढते, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना 26 दिवसांचा धरून 5,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 12, म्हणजे जवळजवळ 34,600 रुपयांचा बोजा त्याच दिवशी डोक्यावर येतो. बोनस एकदा दिला की हिशोब संपला, म्हणून मंदीत बोनस बरा. पण ज्याचा पगार बाजारभावापेक्षा मुळातच कमी आहे त्याला बोनसनं धरून ठेवता येत नाही, त्याचा पगारच सुधारावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हप्ते. बरेच मालक म्हणतात वर्ष पूर्ण कर, मग एकदम देतो, पण ज्याला आज शेजारच्या युनिटमधून चार हजार वाढवून बोलावलंय त्याला वर्षानंतरचे 63,000 फार लांब दिसतात, त्यात कारखाना तोवर चालेल का ही भीती वेगळीच. म्हणून चार महिन्यांनी 13,000, आठ महिन्यांनी 20,000 आणि वर्षाला 30,000 असं चढतं ठेवा. पहिला हप्ता ठरल्या तारखेला बँकेत पडला की विश्वास बसतो, आणि शेवटचा मोठा असल्यामुळं मधेच सोडून जायला जड जातं. सगळं आधीच उचल म्हणून देऊ नका, माणूस गेला तर वसूल करताना भांडणं होतात, टीडीएस (पगारातून आधीच कापायचा टॅक्स) कापला असेल तर परत किती घ्यायचे, कापायच्या आधीचे की हातात पडलेले, हा वेगळाच घोळ.

कागद करा, एका पानाचा, मराठीत. वकिली भाषा नको. साधारण असं लिहा:

"तुम्ही 31 मार्चपर्यंत कामावर असाल आणि राजीनामा दिलेला नसेल तर 30,000 रुपये एप्रिलच्या 7 तारखेपर्यंत खात्यात जमा होतील. कंपनीनं तुमची चूक नसताना कामावरून कमी केलं तर तोपर्यंतच्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम मिळेल. ही रक्कम दिवाळीच्या बोनसपेक्षा वेगळी आहे."

मधलं वाक्य गाळायचा मोह होतो, गाळू नका, माणसाला नेमकी तीच भीती असते. दिवाळीचं वाक्यपण ठेवा, कायद्यानं जो किमान 8.33 टक्के बोनस ज्यांना लागू आहे तो त्यांना द्यायचाच आहे, त्यातून हे वळतं केलं तर माणूस समजतो आपल्याच पैशानं आपल्याला बांधलं. "नफा झाला तर" अशी अटपण घालू नका, मंदीत नफा त्याच्या हातात नाही, थांबणं त्याच्या हातात आहे.

सोडून गेलास तर दुसऱ्या फौंड्रीत दोन वर्षं काम करायचं नाही असलं काही लिहू नका, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 पुढं ते टिकत नाही. ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवणं तर सरळ चुकीचं आहे. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडलं तर 2 लाख भरायची अट मान्य केली हे खरं, पण ती सरकारी बँक होती, माणूस अधिकारी होता आणि भरतीचा खर्च हा मुद्दा होता, त्या जोरावर सेटरला बॉन्ड लावायला जाऊ नका.

टॅक्ससाठी हा बोनस पगारातच धरतात, म्हणून रोख म्हणजे नोटा नव्हे, बँकेतून द्या आणि पगारपत्रकात दाखवा. 2025-26 च्या इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्स लागत नाही, म्हणजे शॉप फ्लोअरवरच्यांना पूर्ण रक्कम पडेल, मॅनेजर लोकांना मात्र हातात किती येईल ते आधीच सांगा.

मग बोलणं. केबिनमध्ये एकेकाला बसवून मालकानं स्वतः बोलायचं, अकाउंटंटकडून निरोप नको. "मालक, कारखाना बंद करायलायसा व्हय?" असं कुणीतरी विचारेलच, तेव्हा ऑर्डर किती आहेत, किती महिन्यांचा पगार बाजूला आहे, खरं ते सांगा. "मामा, पुढचं वर्ष अवघड आहे, तुम्ही नसाल तर नवीन जॉब उभा राहत नाही, म्हणून हे लिहून देतोय" एवढं सरळ बोललं की पुरे. स्वतःचा पगार आधी कमी केला असेल तर तेही सांगा, आणि त्याच वर्षात दारात नवी गाडी उभी करू नका. बाकीच्यांनी विचारलं तर लपवू नका, कुठल्या कामासाठी दिलं ते सांगा, आणि ते काम शिकायची तयारी असेल तर त्याच सेटरच्या हाताखाली दोन पोरं लावा.

शेवटच्या हप्त्याच्या दोन महिने आधी परत बसा, कारण पैसे खात्यात पडल्यावर राजीनामा यायची शक्यता तेव्हाच जास्त असते. तोवर ऑर्डर परत आल्या असतील तर ठरलेला हप्ता देऊन पुढं बोनसऐवजी पगारवाढ द्या, नसतील तर पुढच्या सहा महिन्यांचा नवा कागद करा, आणि ज्याचं काम आता दुसऱ्यालाही जमायला लागलंय त्याला पुढचा बोनस नाही हे त्याच वेळी तोंडावर सांगा, एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवू नका.