नवजात कक्षात डिझाइनचा वर्ग घ्यायचा असेल तर

मी जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, इन्चार्ज सिस्टर आहे. डिझाइन, इंजिनिअरिंग आणि नर्सिंगच्या मुलांचा एकत्र प्रकल्प आमच्याकडे चालतो. कॉलेजात असं काही सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी लिहितेय.

गट मिसळूनच करा आणि पहिल्या आठवड्यात कुणाला काही बनवू देऊ नका. प्रत्येकाने एक नाइट ड्युटी बघायचीच. एका वेळी दोघेच आत. घड्याळ, अंगठ्या बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, मोबाइल बंद. चित्र काढायचं तेही आईला विचारून.

नाइटच का? एकदा पहाटे तीनला वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, सारखा वाजत होता. इंजिनिअरिंगच्या मुलाने वहीत लिहिलं, ‘अलार्मचा आवाज कमी हवा.’ नर्सिंगच्या मुलीने त्याला बाळापाशी नेलं. पोटावरचा प्रोब, म्हणजे बाळाचं तापमान मोजणारी वायर, सुटून चादरीवर पडला होता. प्रोब गार पडला की यंत्राला वाटतं बाळच गार पडलंय, मग ते आणखी तापवत राहतं. तेल लावलेल्या कातडीवर पट्टी टिकत नव्हती, मूळ दुखणं ते होतं. त्याने वहीतली ओळ खोडली.

स्टॅनफर्डमध्येही २००७ साली हेच झालं. वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना स्वस्त इन्क्युबेटर बनवायचं काम होतं. त्यांच्यातला एक नेपाळला गेला, तेव्हा शहरातल्या रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे दिसले, बाळं दूर खेड्यात जन्मत होती. मग त्यांनी विजेशिवाय ऊब धरणारी पिशवी केली.

आईला गटात घ्याच. कांगारू केअरला बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधतात. आमच्या जुन्या पट्ट्याची गाठ पाठीमागे यायची. सिझर झालेली बाई, टाके ओले, एका हातात सलाईनची सुई. ती हात मागे नेणार कसा? चार दिवस एकीने बाळ हातानेच धरून ठेवलं, कुणाला काही बोलली नाही. मुलांनी ते तिच्याशेजारी बसून पाहिलं. मग रेती भरलेली १८०० ग्रॅमची बाहुली करून एका हाताने बांधायचा सराव केला. पाचव्या नमुन्यात बांधायची नाडी पुढे, डाव्या कुशीला आली. सुती कापड, बाळाचं नाक-तोंड मोकळं, मान किंचित वर.

परीक्षेच्या दिवशी चकचकीत सादरीकरण मागू नका. वस्तू आमच्या लाँड्रीत टाका, उकळत्या पाण्यातून वीस वेळा काढा आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात द्या. न विचारता तिला ती बांधता आली तरच मार्क द्या.