शिबिरात नेतृत्व शिकवताय? मग या चुका टाळा

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर संपलं की अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण विकसित झाले.’ बहुतेक ठिकाणी कार्यक्रम अधिकाऱ्याचा, म्हणजे शिबिर चालवणाऱ्या सरांचा घसा बसलेला असतो, एवढंच.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे पोरं अडली की सरांनी मध्ये पडणं. ही मी स्वतः केली आहे. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे. गटप्रमुख दुसऱ्या वर्षाची, कमी बोलणारी मुलगी. पोरांनी तळातले गोटे न काढताच पहिला थर मांडला. संध्याकाळी सेल्फी झाल्या, सकाळी पाणी गोण्यांखालून निवांत चाललेलं. मी पँट दुमडली, ‘सरका बाजूला’ म्हणत ओढ्यात उतरलो आणि दुपारपर्यंत बंधारा उभा केला. त्यानंतरचे चार दिवस आमटीत मीठ किती टाकायचं हेही मुलं मलाच विचारत होती. त्या पोरीकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

आता मी खिशात शेंगदाणे ठेवतो. काठावर बसायचं, तोंडात दाणे टाकायचे. सूचना आपोआप गिळली जाते. विहीर, कोयता, वीज यांचा प्रश्न असेल तरच तोंड उघडतो. पुढच्या वर्षी गोट्यांची तीच चूक झाली. गावातले एक आजोबा येऊन म्हणाले, “आधी खालचं गोटं काढा की रं!” दीड दिवस वाया गेला, पण गोण्या उपसायच्या की नाही यावर भांडण झालं ते पोरांचं आपापसात, आणि निर्णयही त्यांचाच.

भाषण ठोकणाऱ्याला गटप्रमुख करू नका. पहिल्या रात्री न सांगता करपलेलं पातेलं कोण घासतं ते बघा.

बाजाराचे पैसे मुलांच्याच हातात द्या. पावती नाही तर माझी सही नाही, एवढा एकच नियम.

रात्रीच्या बैठकीत ‘आज काय शिकलात?’ विचारलं की पाठ केलेली उत्तरं येतात. मी ‘आज कुणावर चिडलात?’ असं विचारतो.

योजनेत दोन वर्षांत भरायचे सेवेचे 240 तास कधी भरतात याचीच घाई असलेले दरवर्षी भेटतात. त्यांना मी भांडारघराची किल्ली देतो.

आणि शेवटच्या दिवशी जेसीबी बोलावून काम उरकणारे महाभाग असतात. फोटो छान येतात त्यांचे.